दाना ओलीतलं देजिमा

जयसिंहराव भापकर जपानला कधीच गेले नव्हते. तसे ते फारसे कुठेच गेले नव्हते. त्यांच्या पृथ्वीची दक्षिण सीमा झाशी आणि उत्तर सीमा आग्रा. आग्र्यालाही ते ताजमहाल बघायला नव्हे, तर डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला गेले होते आणि पट्टी बांधून तसेच ग्वाल्हेरला परतले होते. पण इसवी सन १६३९ ते १८५३ या काळातल्या जपानात त्यांना कुठेही नेऊन सोडलं असतं, तरी पत्ता न विचारता ते शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य हाकणाऱ्या सेनापतीच्या, किल्ल्यापर्यंत पोचले असते आणि वाटेत दोन सामुराईंना कमरेची तलवार सरळ करायलाही सांगितलं असतं.

हे वेड त्यांना नोकरीत लागलं. पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. एके वर्षी खात्याच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं रद्दीत काढायचं ठरलं, आणि पोत्याच्या तोंडाशी एक जाडजूड मराठी ग्रंथ त्यांच्या हाती लागला. विषय जपानचा इतिहास. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, आणि शेवटही नाही. शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य असं होतं : 'जुलै १८५३ मध्ये एदोच्या आखाताच्या तोंडाशी चार'. पुढे नुसता बांधणीचा दोरा.

चार काय, हे जयसिंहरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. राजधानी एदोच्या दारात चार अमेरिकी जहाजं आली, तोफा दाखवल्या आणि दोनशे वर्षं बंद असलेला देश उघडला, हे कुणीही सांगेल. पण जे पान फायलीत नाही ते घडलेलंच नाही, हा त्यांच्या खात्याचा धर्म होता. त्यामुळे जयसिंहरावांच्या लेखी जपान अजून बंदच होता, आणि छान चाललं होतं त्याचं.

तो बंद देश त्यांना इतका का आवडावा, याचं कारण त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. तिथे एक तलवार होती. भापकरांच्या कुणा पूर्वजाने ती शिंद्यांच्या फौजेत गाजवली, असं घरात सांगत. आता दसऱ्याला तिला झेंडू वाहत, पण म्यानातून कुणी काढत नसे, कारण ओढली तर नुसती मूठ हातात येईल अशी सगळ्यांनाच धास्ती होती. जपानात तेच झालं होतं. परदेशी माणूस आत नाही, आपला माणूस बाहेर नाही, दोनशे वर्षांत धड लढाई नाही. मग कमरेला दोन तलवारी लावलेल्या सामुराईने करायचं काय? तो कारकून झाला. धान्याची कोठारं सांभाळू लागला, नकला करू लागला, साहेबाच्या सहीसाठी ताटकळू लागला. फारच ओढाताण झाली तर तलवारीचं पातं विकून म्यानात बांबू घालायचा आणि रुबाबात चालायचा. कनिष्ठ म्हणून हिणवलेले व्यापारी मात्र गब्बर झाले.

"म्हणजे आम्हीच की हो!" जयसिंहराव सांगत. "आजोबांच्या आजोबांनी भाला धरला, मी जावक रजिस्टर धरलं. आणि पाटणकर बाजारात जाऊन बघा, आज सरदार कोण आहे ते. साडीवाला!"

हे ते ज्याला-त्याला सांगत. ऐकणारा कमी पडला तर त्याच ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगत.

दाना ओली नावाच्या गल्लीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातही शोगुनशाही होती. उंबरठ्याच्या आत हिंदी बोलायची नाही. ग्वाल्हेरसारख्या गावात, जिथे मराठी माणसाला स्वप्नंही अर्धी हिंदीत पडतात, हा कायदा म्हणजे नदीला चाळणीने अडवण्यासारखं होतं. पण शोगुनने जसं परदेशी व्यापाराला नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचं एक चिमुकलं बेट ठेवलं होतं, एका फाटकाने आणि एका पुलाने जोडलेलं, जिथे फक्त डच लोकांनी राहायचं आणि गावात फिरकायचं नाही, तसं जयसिंहरावांनी जिन्याच्या वळणावरच्या चौकोनाला 'देजिमा' जाहीर केलं होतं. दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या शर्मा काकी, सगळा हिंदी व्यवहार तिथे. एक बाकडं, एक पाण्याचा तांब्या. आत प्रवेश नाही.

"अहो, शर्मा काकींचे गुडघे दुखतात," त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणत. "त्यांना जिन्यात बसवायचं? चाळीस वर्षांची शेजारीण आहे ती."

"डच कप्तानालाही बाहेरच बसवत होते."

"तो तुम्हाला पापड लाटून देत होता का?"

सुलोचनाबाई स्वतः या देशाच्या नागरिक होत्या, पण भाजी त्या हिंदीतच घेत, आणि तीही दारात नव्हे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली दोरीने टोपली सोडून. जपानातही चोरटा व्यापार चालतच असे, हे जयसिंहरावांना माहीत होतं. त्यांनी त्याकडे पाठ फिरवली होती.

घरात तिसरी होती नात, स्मृती. तिचे आईवडील नोकरीनिमित्त इंदूरला. ही कॉलेजसाठी ग्वाल्हेरला राहिली आणि मग राहिलीच. चोवीस वर्षांची. गेली दोन-तीन वर्षं रोज संध्याकाळी देजिमावर कानात यंत्र घालून बसे आणि पुटपुटत असे. जयसिंहरावांना वाटे, मैत्रिणींशी बोलते. बेट त्यासाठीच होतं, म्हणून ते काही बोलत नसत.

आता मंडळाकडे वळू. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं मराठी वाचन मंडळ हे जयसिंहरावांचं दुसरं घर. त्याची शरद व्याख्यानमाला एकेकाळी अशी गाजे, की लोक खिडकीच्या गजांना लटकून ऐकत. आता गज मोकळे होते आणि खुर्च्याही. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी सात श्रोते होते, त्यातले दोन चहा घेऊन गेले आणि एक झोपलेला होता म्हणून जाऊ शकला नाही.

ऑक्टोबरच्या बैठकीत अध्यक्ष दिनकररावांनी विषय काढला. दिनकरराव निवृत्त वकील. त्यांचे पूर्वज दरबारात लेखणी चालवत, त्यामुळे वाईट बातमीही ते तुपात बुडवून देत.

"कार्यकारिणीने असं ठरवलेलं आहे जयसिंहराव, की यंदा शेवटच्या दिवशी हजेरीच्या वहीत पंचवीस सह्या झाल्या तर माला पुढे चालू. नाही झाल्या, तर तिला आपण सन्मानपूर्वक विश्रांती देऊ. तो आठवडा योगवर्गवाल्यांना हवा आहे."

"विश्रांती? म्हणजे बंद."

"बंद हा शब्द मी वापरलेला नाही."

"आणि शेवटच्या दिवशी वक्ता कोण?"

"नागपूरहून येणार होते, त्यांची कंबर धरली आहे. म्हणून मी म्हटलं..." दिनकररावांनी चष्मा पुसला. "तुम्ही गेली अठ्ठावीस वर्षं ते तुमच्या जपानवर बोलायचं म्हणता आहात. बोला एकदाचं."

अठ्ठावीस वर्षं! दर वर्षी त्यांचं नाव यादीत शेवटी असे आणि दर वर्षी कुणीतरी मोठा पाहुणा मिळे. जयसिंहराव घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. देजिमावरच्या बाकड्याला त्यांचा गुडघा आपटला, तरी ते हसत होते. पण रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांना हिशेब सुचला. अठ्ठावीस वर्षांनी दार उघडलं होतं, आणि त्याच दारातून व्याख्यानमालेची तिरडी जाणार होती. शेवटचं व्याख्यान जयसिंहराव भापकरांचं, त्यानंतर बंद, असंच लोक म्हणणार. पंचवीस सह्या!

दुसऱ्या दिवसापासून ते निमंत्रणाला निघाले. कुसुमताईंच्या घरी साखरपुडा होता. इंदुताई म्हणाल्या, "जपान? भाऊ, मला तर त्यातलं काही माहितीच नाही, पण मी येऊन जाईन, फक्त सातला उठेन हं, माझी सीरियल असते." लक्ष्मीकांत जोश्यांनी येण्याचं वचन दिलं, पण त्यांनी वचन दिलं की ते येत नाहीत हे लष्करात सर्वांना माहीत होतं. मराठी माणूस जिथे-तिथे भेटला, पाणी प्यायला, आणि 'बघतो' म्हणाला. आठ दिवसांच्या पायपिटीनंतर यादीत नऊ नावं होती, त्यात सुलोचनाबाईंचं एक आणि हॉलच्या चौकीदाराचं एक.

"नऊ," ते ताटावर बसून म्हणाले. "मालेचा तेरावा करायला एवढे पुरे."

स्मृतीने पोळी खाली ठेवली. "आबासाहेब, मी बावीस जण घेऊन येते ना. सगळे पक्के. एकदम रेडी आहेत."

"कोण बावीस?"

"माझा क्लास." तिने आजीकडे पाहिलं. आजीने 'सांगून टाक' अशी मान हलवली. "मी जपानी शिकवते. पाटणकर बाजारात, त्या चादरवाल्याच्या वर. आधी ऑनलाइन शिकले, तिथे बाहेर बाकड्यावर बसून. परीक्षा पण पास झाले. आता सरांनी मलाच खालची बॅच देऊन टाकली."

जयसिंहरावांचा घास हातातच राहिला. त्यांच्याच देजिमावर बसून, त्यांच्याच नाकाखाली, त्यांच्या नातीने जपानी भाषा शिकली होती, आणि त्यांना वाटत होतं ती सिनेमाच्या गप्पा मारते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, १६३५ चा कायदा. देशाबाहेर जायचं नाही, गेलात तर परत यायचं नाही, आलात तर मुंडकं. बाबा इंदूरला गेले तेव्हा हेच म्हणून दाखवलं होतं ना स्टेशनवर?"

"ते विनोदाने."

"बाबा अजून सांगतात. विनोदाने नाही सांगत."

जयसिंहरावांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. मग आनंदाने त्यांना ठसका लागला. बावीस! नऊ आणि बावीस एकतीस! जपान शिकणारी बावीस मुलं, आणि त्यांच्यासमोर ते! त्यांनी दुसरी पोळी मागितली, तिच्यावर तूप मागितलं, आणि तुपाचा पहिला थेंब पडता-पडता विचारलं, "मराठी आहेत ना?"

"नाही ना. एक पण नाही. बरेचसे बिड़ला नगरचे आहेत. त्यांचे आजोबा मिलमध्ये होते, मिल बंद झाली. हे सगळे वृद्धांची सेवा करायचं काम शिकून जपानला जाणार आहेत. पण आबासाहेब, ऐकायला मरून राहिलेत. मी तुमच्या गोष्टी सांगते ना क्लासमध्ये, हत्तीवाली, बांबूच्या तलवारीवाली."

तूप पोळीवर गोठलं. मंडळाचा नियम चौदा असा होता : 'सभागृहात मराठीखेरीज अन्य भाषेत कार्यक्रम होणार नाही, तसेच मराठी कुटुंबांखेरीज इतरांस प्रवेश मिळणार नाही.' १९९१ साली कुणीतरी सभागृह हिंदी हास्यकवींना भाड्याने दिलं होतं आणि त्यांना मराठी कवींच्या दसपट गर्दी झाली होती. त्या अपमानानंतर तेव्हाच्या चिटणीसाने हा नियम लिहून एकमताने मंजूर करून घेतला. चिटणीसाचं नाव होतं जयसिंहराव भापकर. नियमाची चौकट त्यांनी स्वखर्चाने काचेत बसवून दारावर लावली होती.

"काढून टाका ती पाटी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"मीच लावली आणि मीच काढू? आणि तीही माझ्याच व्याख्यानाला गर्दी व्हावी म्हणून? लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठे म्हणायला? नऊच तर आहेत."

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस जयसिंहराव ग्रंथ घेऊन बसले. सामुराईला पेच पडला की तो म्हणे गुडघ्यावर हात ठेवून स्तब्ध बसायचा. जयसिंहराव पलंगावर उशी घेऊन बसले. एकीकडे स्वतःच्या अक्षरातला नियम, दुसरीकडे अठ्ठावीस वर्षांचं व्याख्यान. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाला जिन्यात ओरडला, सुलोचनाबाई चहा घेऊन बाहेर गेल्या, आणि त्या बंद दाराच्या फटीतून आलेल्या गप्पा ऐकता-ऐकता जयसिंहराव ताडकन उठले. तसेच, पायजम्यावर कोट चढवून, दिनकररावांकडे गेले.

"दिनकरराव, नियमात शब्द काय आहे? 'सभागृहात'. बरोबर?"

"बरोबर."

"आणि व्हरांडा?"

दिनकररावांनी चष्मा काढला. वकील माणूस, पण अशी चाल त्यांच्यावर बऱ्याच वर्षांत कुणी केली नव्हती. "व्हरांडा हा... तांत्रिकदृष्ट्या सभागृह नव्हे."

"मंडळाचा व्हरांडा म्हणजे देजिमा. मुलं तिथे बसतील. मी आत मराठीत बोलेन. खिडक्या उघड्या राहतील. खिडकीत माझी नात उभी राहील आणि बाहेर हिंदीत सांगेल. नागासाकीला दुभाष्यांची घराणी होती, बापाकडून मुलाकडे काम जायचं. नियम अबाधित."

"आणि हजेरीच्या वहीत सह्या?"

"वही टेबलावर असते. टेबल उंबरठ्यावर ठेवू. निम्मं आत, निम्मं बाहेर."

दिनकररावांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "जयसिंहराव, तुम्ही पाटबंधाऱ्यात वाया गेलात."

व्याख्यानाच्या दिवशी साडेपाचला जयसिंहराव कोट, टोपी आणि इस्त्रीचा रुमाल अशा पूर्ण शस्त्रास्त्रांनिशी हजर होते. सभागृहात आठजण. (जोश्यांनी वचन पाळलं नव्हतं.) बाहेर व्हरांड्यात बावीस मुलंमुली सतरंजीवर गुडघे दुमडून, जपानी पद्धतीने, ताठ. कुणीतरी शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी एकदम कमरेत वाकून नमस्कार केला. जयसिंहराव इतके गडबडले की त्यांनीही वाकून नमस्कार केला आणि टोपी खाली पडली. हजेरीच्या वहीत मुलांनी सह्या केल्या त्या हौसेने जपानी अक्षरांत. दिनकररावांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि शेवटी "सह्या आहेत, हे मान्य," असा निवाडा दिला.

व्याख्यान सुरू झालं. जयसिंहराव आत मराठीत एक वाक्य म्हणत, स्मृती खिडकीत वळून ते हिंदीत सांगे. सुरुवातीला चमत्कारिक झालं. आतले आठजण आधी ऐकत आणि गप्प बसत, बाहेरचे बावीस नंतर ऐकत आणि हसत. जयसिंहरावांनी सांगितलं, शोगुनने सगळ्या सरदारांवर बंधन घातलं होतं, एक वर्ष आपल्या जहागिरीत राहायचं, एक वर्ष राजधानीत, आणि बायकामुलं कायम राजधानीत ओलीस. त्यामुळे सरदारांचं आयुष्य वरातीत गेलं, पैसा वाटेतल्या खाणावळींत गेला, आणि बंड करायला ना वेळ उरला ना ताकद. आतून कुणी हूं की चूं केलं नाही. मग खिडकीतून ते बाहेर गेलं आणि व्हरांड्यात हशा उसळला. एक मुलगी म्हणाली, "ये तो मेरे पापा का ट्रान्सफर वाला डिपार्टमेंट हो गया!" हे ऐकून आत इंदुताई हसल्या. मग आतले सगळेच हसले, बाहेरच्या हसण्याला.

पुढे हत्ती आला. बंद देशात एका शोगुनला हत्ती पाहायची हौस झाली. व्हिएतनामातून बोटीने आणलेला हत्ती नागासाकीहून राजधानीपर्यंत पायी निघाला. वाटेत क्योतोला सम्राटाने त्याला पाहायचं ठरवलं, पण दरबारी पद नसलेल्याला सम्राटासमोर उभं राहता येत नसे. तेव्हा, असं सांगतात, हत्तीला आधी दरबारी दर्जा देण्यात आला आणि मगच भेट झाली.

"म्हणजे," जयसिंहराव छाती फुगवून म्हणाले, "ग्वाल्हेरात ज्यांना अजून सरदारकीचा दाखला सापडला नाही, त्यांनी धीर सोडू नये."

हे आतल्यांना इतकं वर्मी लागलं की लक्षात यायला दोन सेकंद गेले आणि मग जो गडगडाट झाला, तो बाहेरच्यांपेक्षा मोठा होता. बाहेरचे ओरडू लागले, "दीदी, क्या बोला? जल्दी बताओ ना!" स्मृतीला हसू आवरेना, तिला सांगता येईना. तेव्हा इंदुताईंनीच खुर्ची खिडकीशी ओढली आणि बाहेर तोंड काढून आपल्या हिंदीत सगळा हत्ती पुन्हा सांगितला. त्यांच्या मागे आणखी दोघांनी खुर्च्या ओढल्या. सातला त्यांची सीरियल सुरू झाली असणार; त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने जयसिंहरावांनी मान वर केली, तर सभागृहाच्या मधोमध फक्त चौकीदार बसला होता. बाकी सगळी मराठी सत्ता खिडकी आणि दार यांच्या आसपास गोळा झाली होती.

मग त्यांनी वैद्यांची गोष्ट सांगितली. बंद देशात परदेशी पुस्तकांवरची बंदी पुढे थोडी सैल झाली, तेव्हा काही जपानी वैद्यांना शरीररचनेचं एक डच पुस्तक मिळालं. भाषा जवळजवळ येत नव्हती. भुवईबद्दलच्या एका ओळीवर त्यांचा अख्खा दिवस गेला. तरी ते रोज बसले, काही वर्षं बसले, आणि पुस्तक जपानीत आणलं. इथे व्हरांड्यात एकदम शांत झालं. ही मुलं रोज एकेका अक्षराशी झगडत होती. भुवईचा दिवस त्यांना चांगला ठाऊक होता.

आणि मग व्याख्यान त्या पानाशी आलं. जयसिंहरावांनी ग्रंथ उघडून शेवटचं वाक्य वाचलं. 'जुलै १८५३ मध्ये एदोच्या आखाताच्या तोंडाशी चार.' ग्रंथ मिटला, रुमालाने कपाळ पुसलं. "इथे माझं पुस्तक संपतं."

व्हरांड्यातून एक सडपातळ मुलगी उठली. स्मृतीने नाव सांगितलं, शिखा, बिड़ला नगरची. एप्रिलमध्ये हिचा नंबर, नागासाकीजवळच्या वृद्धाश्रमात.

"दादाजी, एक सवाल," शिखा म्हणाली. "उस ज़माने में जो बाहर चला गया, वो वापस आता तो उसका क्या होता था?"

स्मृती मराठी करायला वळली. जयसिंहरावांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं.

"मृत्युदंड," ते म्हणाले.

हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. शिखाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हळूच विचारलं, "और अब?"

जयसिंहराव व्यासपीठावर उभे होते. मागे आयुष्यभराचा ग्रंथ, पुढे काचेतला नियम चौदा. इंदूरच्या गाडीपाशी उभा असलेला मुलगा त्यांना आठवला, ज्याने त्या विनोदावर हसण्याचा प्रयत्न केला होता. त्यांनी माईक दांडीसकट उचलला. तार पुरेल तेवढं चालत गेले. ती उंबरठ्यापर्यंतच पुरली. तिथे, टेबलाशेजारी, एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून ते उभे राहिले आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मंडळाच्या माईकवर हिंदी बोलले. तीही काय हिंदी! खडखडीत, दख्खनी, क्रियापदं उलटी पडलेली.

"अब... अब बेटा, वापस आओ तो पहले हमारे घर आने का. चाय पीने का. और वहाँ का सब बताने का. मेरे किताब में आगे का पन्ना नहीं है."

शिखा हसली. मग एकदम सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंदुताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, तुमची हिंदी तर अगदीच गेलेली आहे हो," आणि चौकीदारालाही हसू फुटलं.

दिनकररावांनी वही उचलून घसा साफ केला. "उपस्थिती तीस. व्याख्यानमाला पुढील वर्षी चालू राहील. मात्र सभेच्या नजरेस आणणं माझं कर्तव्य आहे, की वक्त्यांनी आत्ता नियम चौदाचा भंग केला."

"मी उंबरठ्यावर होतो," जयसिंहराव म्हणाले.

"माईकची तार आत होती."

"मग नियम बदला!" इंदुताई.

"त्याला सर्वसाधारण सभा लागते."

"बसलीये की सभा. करा हात वर."

आठ हात वर झाले. काय चाललंय ते न कळताही, मोठ्यांनी हात वर केले म्हणून व्हरांड्यातले बावीसही वर झाले. दिनकररावांनी ठराव मंजूर झाल्याची नोंद केली आणि बावीस मतं 'शुभेच्छा' या सदरात टाकली. काचेची चौकट जयसिंहरावांनी स्वतःच उतरवली. तिच्या मागच्या भिंतीवर पस्तीस वर्षांपूर्वीचा पिवळा रंग तसाच ताजा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रंथ आणि चार कोरे कागद घेऊन बैठकीत बसले. सुई-दोऱ्याने कागद बांधणीला शिवले, दौतीतलं पेन काढलं, आणि 'चार' या शब्दाच्या पुढे रेकॉर्ड रूममधल्या आपल्या सुबक अक्षरात लिहिलं : 'जहाजं आली. दार उघडलं.' थोडा विचार करून पुढे लिहिलं : 'पुढील मजकूर शिखा आणि स्मृती यांजकडून येणे आहे.' मग हेमेंद्रला, म्हणजे इंदूरच्या मुलाला, फोन लावला आणि दिवाळीनंतर आपण चार दिवस तिकडे येत असल्याचं कळवलं. पलीकडून तारीख दोनदा विचारून झाली. मग हेमेंद्रने विचारलं, "तब्येत ठीक आहे ना, आबासाहेब?"

तेवढ्यात जिन्यात शर्मा काकींचा आवाज आला. हातात पापडांचा डबा, गुडघ्यांना दम देत त्या सवयीने बाकड्यावर बसत होत्या. सुलोचनाबाई बाहेर निघाल्या, पण त्यांच्या आधी जयसिंहराव दारात पोचले.

"भाभीजी, अंदर आइए," ते म्हणाले. "वहाँ हवा लगता है."

शर्मा काकींनी चाळीस वर्षांत न ओलांडलेला उंबरठा पाहिला, मग सुलोचनाबाईंकडे पाहिलं. "इनको क्या हो गया?"

"कुछ नहीं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चार जहाजं आली."

शर्मा काकींनी चपला बाहेर काढल्या, अगदी जपान्यासारख्या जुळवून ठेवल्या, आणि आत आल्या.